उणे वीस अंशांत फोर्कलिफ्ट चालवताना

मी निफाड तालुक्यातील एका शेतकरी घरातला आहे. घरी कांदा आणि थोडी द्राक्षबाग असल्याने बारावीत असल्यापासून मी ट्रॅक्टर चालवत होतो, आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर अरुंद बांधावरून मागे घेता येतो याचा मला अभिमान होता. त्यामुळे डिसेंबर २०१८ मध्ये दिंडोरी रस्त्यावरील एका शीतगृहात फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलणारी गाडी, चालवणाऱ्याची जागा निघाल्याचे कळले, तेव्हा हे काम आपल्याला आठवड्याभरात जमेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते नीट जमायला मला दोन वर्षे लागली. त्यातील बराच काळ यंत्र शिकण्यात गेला नाही. घाई नेमकी कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे शिकण्यात गेला.

त्या शीतगृहाची रचना आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. बाहेरच्या बाजूला डॉक, म्हणजे ट्रक आणि कंटेनर येऊन लागतात ते उंच ओटे. त्याच्या आत अँटी रूम, म्हणजे मधली खोली, जिथे तापमान साधारण आठ ते दहा अंश असते. तिच्या एका अंगाला द्राक्षांचे प्रीकूलिंग (साठवण्याआधी माल गार करण्याची जागा) आणि शून्य ते एक अंशाचे चेंबर, दुसऱ्या अंगाला उणे वीस अंशांचे दोन मोठे फ्रीझर. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम चालतो आणि तेव्हा सगळे गोदाम द्राक्षांसाठी धावत असते. उरलेल्या वर्षात फ्रोजन वाटाणा, मक्याचे दाणे, आंब्याचा गर आणि कापलेल्या भाज्या येत-जात राहतात. फ्रोजन मालाचे तापमान उणे अठरा अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, म्हणून खोली उणे वीसवर ठेवलेली असते. दोहोंमध्ये फक्त दोन अंशांचे अंतर असते आणि ते सांभाळण्यात फोर्कलिफ्ट चालकाचा वाटा किती मोठा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिले दहा दिवस मला आत जाऊच दिले नाही. मागच्या मोकळ्या आवारात रिकाम्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या सपाट चौकटींवर, सराव चालला. शिकवणारे ऑपरेटर पन्नाशीचे होते आणि सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मीही तसेच म्हणू लागलो. ट्रॅक्टरची सवय इथे उपयोगाची नव्हतीच, उलट आडवी येत होती. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. पुढे काटे अगदी थोडे डावीकडे वळलेले दिसतात, तेवढ्यात यंत्राचा मागचा जड भाग उजवीकडे झपकन फेकला जातो. दुसऱ्याच दिवशी मी असे वळताना आवारातल्या रॅकच्या खांबाचे पिवळे संरक्षक गार्ड वाकवले. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला खाली उतरवले आणि म्हणाले, “बाळा, ट्रॅक्टरवर तू पुढे बघून चालवतोस. इथे पुढचे दिसतेच आहे. तू शेपटीचा विचार कर.”

मग त्यांनी खडूने जमिनीवर एक त्रिकोण काढला. पुढच्या दोन चाकांवर दोन टोके आणि मागच्या आसाच्या मध्यावर तिसरे. यंत्र आणि भार मिळून जो गुरुत्वमध्य तयार होतो, तो या त्रिकोणाच्या आत राहिला तर गाडी उभी राहते, बाहेर गेला तर कलंडते. भार वर उचलला की तो मध्य वर जातो आणि थोड्याशा झुकावानेही त्रिकोणाबाहेर सरकू शकतो. म्हणून चालताना काटे जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरच वर, मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, किंचित मागे झुकलेला. उतारावर जाताना भार नेहमी चढाच्या बाजूला. आणि भारामुळे समोरचे दिसत नसेल तर गाडी मागे चालवत न्यायची. गाडीवरील पाटीवर लिहिलेला १.५ टन हा आकडा कधीही तेवढाच खरा नसतो, हेही तेव्हाच कळले. भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हाची ती क्षमता असते. पेट्या पुढे सरकलेल्या असतील किंवा पॅलेट काट्यांवर पूर्ण आत घेतलेले नसेल, तर तीच गाडी त्याहून कितीतरी कमी पेलते, आणि उंचावर आणखी कमी. हे शाळेतल्या तरफेच्या धड्यासारखेच आहे, फक्त चूक झाली की दीड टन माल खाली येतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात द्राक्षे सुरू झाली आणि मला प्रीकूलिंगवर घेतले. या कामाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण द्राक्षबागायतदारांच्या घरात वाढूनही मला याची कल्पना नव्हती. आमच्याकडे बागेतून क्रेट भरून गाडी गेली की आपले काम संपले, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तोडल्यापासून द्राक्षाचा घड पाणी गमावत असतो, देठ सुकत असतात, आणि मण्याच्या आत बागेतील उन्हाची उष्णता तशीच साठलेली असते. ती शक्य तितक्या लवकर बाहेर काढायची, यालाच प्रीकूलिंग म्हणतात. पॅकहाउसमध्ये पेट्या भरून पॅलेट बांधली की ती दोन रांगांत, मधे एक बोळ सोडून लावायची, बोळावर ताडपत्री ओढायची आणि एका टोकाचा मोठा पंखा सुरू करायचा. पंखा बोळातील हवा ओढून घेतो, त्यामुळे खोलीतली गार हवा पेट्यांच्या भोकांमधून घडांना स्पर्श करत आत येते. सहा ते आठ तासांत मण्याच्या आतील तापमान एक-दोन अंशांपर्यंत उतरते.

आता यात फोर्कलिफ्टचा संबंध असा आहे. हवेला जिथे सोपी वाट मिळते, तिथूनच ती जाते. दोन पॅलेटमध्ये चार बोटांची फट राहिली, तर पंखा त्या फटीतूनच हवा ओढतो आणि शेजारच्या पेट्यांतील द्राक्षे गरमच राहतात. पहिल्या आठवड्यात मी भराभर पॅलेट लावून दिली आणि आपण वेगाने काम केले म्हणून खूश झालो. पहाटे गुणवत्ता तपासणाऱ्या ताईंनी सुईचा थर्मामीटर मण्यात खुपसून पाहिले, तर रांगेच्या एका टोकाला एक अंश आणि मधल्या तीन पॅलेटमध्ये अजून नऊ अंश. कंटेनर दुपारी लागणार होता. ती तीन पॅलेट पुन्हा पंख्यावर लावावी लागली आणि कंटेनर संध्याकाळपर्यंत थांबला. कोणी मला फार बोलले नाही, परंतु त्या पेट्यांच्या चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक मी वाचला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक पेटीचा माग ग्रेपनेट या प्रणालीद्वारे थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत लावता येतो. माझ्या वडिलांसारख्याच कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा माल मी केवळ घाईपोटी सहा तास उष्ण ठेवला होता, ही जाणीव मला पुढे कायम उपयोगी पडली. त्यानंतर पॅलेट पॅलेटला टेकल्याचा मऊ आवाज ऐकल्याशिवाय मी काटे बाहेर काढले नाहीत.

हळू करायचे काम संपले, की लगेच घाईचे काम येते. चेंबरमधून शून्य अंशाची द्राक्षे डॉकवर आणली की बाहेरच्या दमट, उबदार हवेतील बाष्प त्यांच्यावर जमते. थंड पाण्याच्या तांब्यावर जमते तसेच. ओले मणी सडू लागतात. शिवाय पेटीत ठेवलेला ग्रेपगार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा, कागद ओलावा मिळाला की सल्फर डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा जास्त वेगाने सोडतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. म्हणून इथे एक पॅलेट डॉकवर रेंगाळू द्यायचे नाही. कंटेनर डॉकला पूर्ण चिकटला, त्याचे तापमान तपासले, मगच चेंबरचे दार उघडायचे आणि सलग भरायचे. भरताना कंटेनरचे स्वतःचे यंत्र बंद ठेवायचे, नाहीतर ते बाहेरची दमट हवा आत ओढून आपल्याच कॉइलवर, म्हणजे थंडी देणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरते. कंटेनर माल गार करत नाही, तो गार माल गार ठेवतो, हे वाक्य मी त्या हंगामात किमान शंभर वेळा ऐकले असेल. त्याच्या तळाच्या उभ्या पट्ट्यांमधून थंड हवा वर येते, म्हणून पेट्या छतापाशी आखलेल्या लाल रेघेच्या वर जाता कामा नयेत. त्या रेघेवर हवेची परतीची वाट असते. हा कंटेनर कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदरावर जातो आणि तिथून पुढे काही आठवडे समुद्रावर असतो. तितके दिवस कोणी दार उघडून पाहणार नसते. दार लावून सील मारले की आमचा संबंध संपतो, आणि त्या क्षणी आतील माल जसा असेल तसाच तो राहणार असतो.

आमच्या घरी कांदा चाळीत असतो. चाळीची सारी करामत वारा खेळता ठेवण्यात असते. जमिनीपासून उंच तळ, फटी असलेल्या भिंती, खालून वर जाणारी हवा. कांद्याला कोंडले तर तो सडतो. शीतगृहातही हवाच खेळवायची असते, पण तिला एक क्षणही बाहेर जाऊ द्यायचे नसते. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तुमचं गोदाम ही उलटी चाळ झाली.” यापेक्षा चांगले वर्णन मला अद्याप सुचलेले नाही.

एप्रिलअखेर द्राक्षे संपली आणि मला फ्रीझरवर पाठवले. बाहेर मे महिन्याचे चाळीस अंश आणि आत उणे वीस, म्हणजे एका दाराच्या दोन बाजूंना साठ अंशांचे अंतर. निफाडला हिवाळ्यात पारा एक आकड्यावर येतो आणि पहाटे आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, त्यामुळे थंडीची ओळख मला होती, असे मला वाटत होते. त्या थंडीचा आणि या थंडीचा संबंध नाही. पहिल्या श्वासालाच नाकातील केस ताठ होतात. पाच मिनिटांत मिशीवर पांढरा थर बसतो. लोखंडी कठड्याला उघड्या हाताने स्पर्श केला तर कातडी चिकटते. आणि तरीही तिथे सर्वांत आधी त्रास शरीराला होत नाही, यंत्राला होतो.

मास्ट उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे तेल घट्ट होते. फ्रीझरच्या गाड्यांत कमी तापमानाचे वेगळे तेल असते, तरीही वस्तादांचा नियम असा होता की आत गेल्यावर भार घेण्याआधी रिकामा मास्ट चार-पाच वेळा पूर्ण वर नेऊन खाली आणायचा. थंड तेलावर लगेच भार उचलला तर मास्ट आचका देत वर जातो आणि उंचीवर आचका म्हणजे त्या त्रिकोणाशी खेळ. बॅटरीही थंडीत खूप कमी काम देते. बाहेर पूर्ण पाळी पुरणारी बॅटरी आत त्याआधीच थकते. म्हणून गाडी कधीही फ्रीझरमध्ये उभी करून ठेवायची नाही. काम थांबले की ती बाहेर चार्जिंगच्या खोलीत आणायची. त्या खोलीत खिडक्या उघड्या आणि पंखे चालू, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि एक ठिणगी पुरेशी असते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावरच घालायचे, आधी घातले तर तापल्यावर आम्ल बाहेर सांडते. ही कामे कोणी पाहत नाही, पण माझ्या मते चांगला चालक तिथेच ओळखू येतो.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र वेगळीच निघाली. गाडी फ्रीझरमधून बाहेर आली की तिच्या गार लोखंडावर, तारांच्या जोडांवर, चाकांवर दव जमते. ती लगेच पुन्हा आत गेली, की त्याच दवाचा बर्फ होतो. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा असे आत-बाहेर केले, तर संध्याकाळी एखादा स्विच अडकतो किंवा ब्रेक सैल वाटतो. म्हणून आमच्याकडे गाड्या वाटून दिलेल्या होत्या. फ्रीझरची रीच ट्रक, म्हणजे उंच रॅकवर माल ठेवणारी फोर्कलिफ्ट, दाराच्या आतल्या बाजूला पॅलेट ठेवे आणि अँटी रूमची गाडी ते तिथून उचले. हातमिळवणी झाल्यासारखी ती जागा होती. ज्या दिवशी मनुष्यबळ कमी असे, त्या दिवशी एकाच गाडीने दोन्ही कामे करण्याचा मोह होई, आणि बिघाडाच्या नोंदवहीत त्याच दिवसांच्या पुढे खुणा अधिक असत.

दाराबद्दल लिहिल्याशिवाय फ्रीझरबद्दल लिहिणे अपुरे राहील. दार उघडले की जड गार हवा खालून बाहेर वाहते आणि वरून उबदार, दमट हवा आत शिरते. दोहोंच्या भेटीत दाट धुके तयार होते आणि त्या तीन-चार सेकंदांत समोर माणूस उभा असला तरी दिसत नाही. हॉर्न वाजवून, थांबून, धुके विरल्यावर पुढे जायचे. घाई करायची ती दार उघडे ठेवण्याच्या वेळेत, दारातून जाण्याच्या वेगात नाही. हे दोन वेगळे वेळ आहेत आणि नवे चालक नेमकी त्यातच गल्लत करतात. आत शिरलेल्या बाष्पाचा बर्फ दाराजवळच्या फरशीवर, छतावर, कॉइलवर जमतो. कॉइलवर तो साचला की थंडी कमी पडते आणि डिफ्रॉस्ट करावे, म्हणजे तो वितळवावा लागतो. फरशीवर साचला की गाडी घसरते. उणे वीस अंशांत पाणी टाकून फरशी धुता येत नाही, त्यामुळे तो बर्फ खरवडण्यावाचून पर्याय नसतो. दर दोन तासांनी आम्ही आळीपाळीने खरवडत असू. पीव्हीसीचे जाड पडदे थंडीने कडक होतात आणि त्यातून जाताना अंगावर फटकारे बसतात, म्हणून काही जण ते बाजूला बांधून ठेवत. मी स्वतः एकदा बांधले होते. त्या पाळीत दारातील बर्फ दुपटीने वाढला आणि तो खरवडायला मलाच बसवले. ती शिक्षा योग्य होती.

दाराची आणखी एक गंमत सांगतो, जी मला पहिल्यांदा भीती वाटली म्हणून लक्षात आहे. फ्रीझरचे दार लावून लगेच पुन्हा उघडायला गेलो, तर ते हलेना. आत शिरलेली उबदार हवा झटकन गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा दार दाबून धरते. भिंतीत दाब समान करणारी एक छोटी झडप असते, ती काम करू लागली की अर्ध्या मिनिटात दार सुटते. झडपेवर बर्फ जमला असेल तर सुटत नाही. अडकलेल्या दाराशी झगडून त्याचे बिजागर मोडलेले मी पाहिले आहे.

आता शरीराबद्दल. आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटे आत आणि पंधरा मिनिटे बाहेर गरम खोलीत, असा नियम होता. नव्या माणसाला वाटते की आपल्याला थंडी वाजत नाही म्हणजे आपण ठीक आहोत. खरे तर बोटांची जाणीव गेली की थंडी वाजल्याचे कळतच नाही. रीच ट्रकच्या दांड्या बोटांनीच हलवायच्या असतात आणि सुन्न बोट दांडी किती ढकलली हे मेंदूला सांगत नाही. पाच मीटर उंचीवर हा फरक मोठा असतो. म्हणून विश्रांती ही सवलत नाही, कामाचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानतो. सुती बनियन घामाने भिजून गार पडते, त्यामुळे आत लोकरीचे किंवा घाम शोषून न ठेवणारे कपडे घालावेत आणि बाहेर येताच जाड जॅकेट काढावे, नाहीतर गरम खोलीतच घाम येऊन पुढच्या फेरीत तो गोठतो. एकदा माझ्या उजव्या तर्जनीचे टोक पांढरे पडले. मी ते चोळू लागलो, तर वस्तादांनी हात धरला. चोळायचे नाही, चुलीजवळ धरायचे नाही, कोमट पाण्यात बुडवून धीर धरायचा. वेदना परत येते तेव्हा समजायचे की बोट परत आले. तिथे तहान लागत नाही आणि लघवीला मात्र वारंवार होते, म्हणून आठवणीने पाणी प्यावे लागते. हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नव्हते.

या बाबतीत एक तक्रार मनात राहिली आहे. कायम कामगारांना चांगले पोशाख होते, पण हंगामात येणारे कंत्राटी हमाल साध्या स्वेटरवर आणि बागकामाच्या हातमोज्यांवर आत जात. आम्ही चालक गाडीवर बसलेले, ते पायी. थंडी त्यांना जास्त. दुसऱ्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून व्यवस्थापकांना सांगितले की पोशाख माणसाला न देता खुंटीला द्या, म्हणजे जो आत जाईल तो घालील. सहा पोशाख अँटी रूममध्ये टांगले गेले. इतकी साधी गोष्ट व्हायला दीड वर्ष लागायला नको होते.

माझ्या हातून झालेला सर्वांत मोठा अपघात दुसऱ्या वर्षीच्या जुलैमधला. वाटाण्याच्या पेट्यांचे पॅलेट तिसऱ्या थरावर, सुमारे साडेचार मीटरवर ठेवायचे होते. प्लास्टिकचे पॅलेट होते. काही प्रकारचे प्लास्टिक कडक थंडीत ठिसूळ होते, हे मला माहीत होते, आणि त्या पॅलेटच्या एका पायाला तडा गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. बाहेर दोन ट्रक उभे होते. पेट्या दुसऱ्या पॅलेटवर घ्यायला वीस मिनिटे लागली असती. मी ते उचलले. वर नेऊन रॅकच्या आडव्या तुळईवर टेकवताना पाय मोडला, पॅलेट एका बाजूला खचले, पेट्यांभोवती गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म फाटली आणि वरच्या तीन ओळी बोळात कोसळल्या. काही पेट्या माझ्या डोक्यावरच्या जाळीवर आदळल्या. अशा वेळी गाडीतून उडी मारायची नसते, हे सरावात घटवलेले होते म्हणून मी बसून राहिलो. बोळात कोणी नव्हते. दोनच मिनिटांपूर्वी एक हमालदादा त्याच बोळातून चिठ्ठ्या वाचत गेले होते.

चौकशी झाली आणि मी तडा पाहिल्याचे खरे सांगितले. आठ दिवस मला गाडी दिली नाही. त्या आठ दिवसांत मला गोदामातील प्रत्येक पॅलेट तपासायचे काम दिले आणि मी एकेचाळीस पॅलेट बाद काढली. ती सगळी त्या दिवसापर्यंत वापरात होती आणि माझ्यासारखेच प्रत्येकाने त्यांना आणखी एक फेरी दिलेली होती. पुढे बाद पॅलेटवर लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि ती त्याच पाळीत आवाराबाहेर काढायची, अशी पद्धत सुरू झाली. उचल यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी, असे तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये होते आणि आमच्या गाड्यांची ती होत असे. काट्यांवर जे ठेवले जाते त्याची तपासणी मात्र रोज, प्रत्येक उचलीला, चालकालाच करावी लागते.

अमोनियाबद्दल थोडक्यात लिहितो. मोठ्या शीतगृहांत थंडी निर्माण करणारा वायू बहुधा अमोनिया असतो. तो उणे तेहतीस अंशांना उकळतो, म्हणूनच या कामाला योग्य. त्याचा उग्र वास अगदी थोड्या गळतीतही येतो आणि हीच त्याची एक चांगली बाजू आहे. आमच्या छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. वास आला की गाडी बोळ न अडवता बाजूला उभी करायची, काटे खाली, तोंडावर ओला रुमाल आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो म्हणून ओला रुमाल थोडा वेळ मिळवून देतो. माझ्या काळात एकदाच व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून किरकोळ गळती झाली. आम्ही सगळे चार मिनिटांत जमण्याच्या जागेवर होतो, आणि त्या दिवशी सरावाच्या कवायतींबद्दल कुरकुर करणारे गप्प झाले.

२०२१ पासून नव्या मुलांना शिकवायचे काम माझ्याकडे आहे. दिंडोरी, चांदवड, निफाडकडची पोरे येतात, बहुतेक ट्रॅक्टर चालवणारी. त्रिकोण मी अजून खडूनेच काढतो. त्यांना फ्रीझरमध्ये पहिल्यांदा नेतो तेव्हा गाडी बाहेर ठेवतो. दार बाहेरून बंद झाले तरी आतून उघडता यावे म्हणून दारावर अंधारात चमकणारी एक गोल मूठ असते, शेजारी धोक्याच्या घंटेचे बटण आणि भिंतीला अडकवलेली कुऱ्हाड. मी हे तिन्ही दाखवतो. मग बाहेरच्या माणसाला खूण करून दिवे बंद करायला सांगतो आणि मुलाला सर्वांत आतल्या रॅकपाशी उभे करतो. पंख्यांच्या घरघरीत, हातमोजे घातलेल्या हातांनी रॅक चाचपत, तो दारापर्यंत यावा आणि मूठ ढकलून दार उघडावे, एवढेच काम असते. मी त्याच्या मागे दोन पावलांवर असतो, पण बोलत नाही. पहिल्या खेपेला बहुतेक मुले धावतात आणि रॅकला धडकतात. मग मी दिवे लावून पुन्हा सुरुवात करायला सांगतो. चालत येऊन दार उघडले, की गाडीची चावी त्याच्या हातात देतो.